बंद घरात सात महिने पडून राहिलेल्या बॅटऱ्या जूनमध्ये कामाला कशा येतील?

पडवीकर

दापोली तालुक्यात घर आहे. आई-वडील, दोघंही सत्तरीपुढचे, एप्रिलअखेर तिथे जातात आणि अनंत चतुर्दशी झाली की मुंबईला परततात. उरलेले सात महिने घराला कुलूप, मेन स्विच बंद. परत दार उघडलं की लाइट गेल्यावर उपयोगी पडावी म्हणून ठेवलेली प्रत्येक वस्तू मेलेली असते. यंदाची यादी अशी:

इन्व्हर्टरची १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर (पाणी घालायची लेड-ॲसिड) बॅटरी, वय ३ वर्षं. मीटरवर ९ व्होल्टच्या आसपास दाखवते, इन्व्हर्टर ती चार्जच करत नाही. दुकानदार म्हणतो बदला.
मागच्या पिना प्लगात खुपसून चार्ज होतात तसल्या दोन टॉर्च. दोन्ही बंद.
रेडिओत राहून गेलेले सेल फुटले आहेत, आत पांढरा भुगा.
२०,००० एमएएचची पॉवर बँक. एक ठिपका लुकलुकतो, मग तोही विझतो.

गरज फार नाही. सलग चार दिवस वीज नसली तरी रात्री दोन दिवे, दोन फोन, रेडिओ, बीपीचं मशीन आणि दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं नेब्युलायझर (लेबलवर १२० वॉट) चालायला हवं. पंखा जमला तर उत्तम. गेल्या वर्षी याच इन्व्हर्टरवर दीड दिवसात अंधार झाला होता, तेव्हा बॅटरी ठीक होती. काय घ्यावं, आणि मुख्य म्हणजे सात महिने ते कसं ठेवावं?

वॉटतास

आधी एमएएच विसरा आणि सगळं वॉट-तासात मोजा. एमएएचला व्होल्टची जोड नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

तुमची रोजची गरज: ३ वॉटचे दोन दिवे पाच तास म्हणजे ३० वॉट-तास. ५,००० एमएएचचा फोन म्हणजे साधारण १९ वॉट-तास, चार्जिंगमधली गळती धरून २५, दोघांचे ५०. नेब्युलायझर २० मिनिटं म्हणजे ४०, इन्व्हर्टरमधलं नुकसान धरून ५०. रेडिओ आणि बीपी मशीन मिळून एक-दोन, म्हणजे धरायलाच नको. बेरीज १३०. चार दिवसांचे ५२०.

आता बॅटरी. १२ गुणिले १५० म्हणजे १,८०० वॉट-तास. हा आकडा वीस तासांत, म्हणजे साडेसात अँपिअरने, सावकाश रिकामी केली तर मिळणारा. त्यातले ८० टक्के वापरायचे म्हटलं तर १,४४० उरतात. या हिशेबाने पंख्याशिवाय दहा-अकरा दिवस जायला हवेत. मग दीड दिवसात अंधार का?

एक तर पंखे. जुना छताचा पंखा ७५ वॉट खातो, दोन पंखे रात्रभर चालले की १,२०० गेले. आणि दुसरं कोणी मोजत नाही ते: इन्व्हर्टर नुसता चालू असला, त्यावर काहीही लावलेलं नसलं, तरी तो स्वतः १० ते २० वॉट घेत राहतो. १५ धरा. दिवसाचे ३६०, चार दिवसांचे १,४४०. म्हणजे बॅटरीत वापरण्याजोगी जेवढी वीज आहे, नेमकी तेवढी एकटा इन्व्हर्टर पिऊन टाकतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. खात्री करायची असेल तर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर बॅटरीच्या वायरीवर लावून बघा: घरातलं सगळं बंद असताना सव्वा अँपिअर दिसला की समजा १५ वॉट.

त्यामुळे वीज लांबणार असं दिसलं की इन्व्हर्टर पुढच्या बटणाने बंद. नेब्युलायझरच्या वेळी दहा मिनिटं चालू, परत बंद. दिवे आणि फोन बॅटरीवरून थेट १२ व्होल्टवर चालवायचे: गाडीत लावतात तो यूएसबी चार्जर आणि १२ व्होल्टचे डीसी एलईडी दिवे. पंखा हवाच असेल तर बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा) घ्या, पूर्ण वेगात २८ ते ३२ वॉट.

नवीन घ्यायचं झालं तर मी ट्यूब्युलर घेणार नाही. तुमच्या गरजेला १२.८ व्होल्ट ५० अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी, म्हणजे ६४० वॉट-तास, पुरते. वजन सहा-सात किलो. अर्धी चार्ज करून, वायरी काढून ठेवली तर महिन्याला दोन-तीन टक्केच उतरते. सात महिन्यांनी आहे तशी सापडेल, किंवा गाडीत टाकून मुंबईला न्या.

लिंबूसोडा

वरच्या हिशेबाला धक्का न लावता फक्त सेलविषयी.

तुमच्या रेडिओत बहुतेक साधे झिंक-कार्बन सेल असणार. किराणा दुकानात बरणीत मिळतात ते. त्यात जस्ताचं नळकांडं हेच भांडं आणि तेच इंधन. सेल उतरत जातो तसं जस्त झिजतं, शेवटी भोक पडतं आणि आतला आम्लधर्मी मसाला बाहेर येतो. अल्कलाइनचं वेगळं: पूर्ण उतरल्यावर आत हायड्रोजन तयार होतो, दाब वाढून सील सुटतं आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड पाझरतं. हवा लागली की त्याचा पांढरा भुगा होतो. दोन्हींत मुळाशी एकच गोष्ट आहे, सेल तळापर्यंत उतरणं. घड्याळ दाखवणारे डिजिटल रेडिओ बटण बंद असतानाही थोडंथोडं पीत राहतात, म्हणून त्यांतले सेल हमखास फुटतात.

साफसफाई: अल्कलाइनचा भुगा असेल तर कापसाच्या काडीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर. फसफस थांबेपर्यंत. झिंक-कार्बनचा चिकट राडा असेल तर उलट, खाण्याचा सोडा पाण्यात कालवून. मग स्पिरिटने पुसायचं, वाळवायचं आणि पट्टीवर बारीक पॉलिश पेपर फिरवायचा. हाताशी आहे म्हणून कोकमाचं आगळ वापरू नका, त्यात मीठ असतं, पट्ट्या दुसऱ्या दिवशी हिरव्या होतील. हात धुवा, डोळे चोळू नका.

काय ठेवावं: घरातल्या आणीबाणीच्या सगळ्या वस्तू एकाच मापाच्या, पेन्सिल सेलच्या म्हणजे एए मापाच्या, घ्या. टॉर्च एए, रेडिओ एए, बीपी मशीन बहुतेक चार एएवरच चालतं. मग २४ अल्कलाइन सेलचा साठा सगळ्यांना चालतो. एका सेलमध्ये हलक्या वापराला अडीच-तीन वॉट-तास मिळतात, म्हणजे सगळे मिळून ६० ते ७०. विजेच्या मानाने महाग पडतात, पण वर्षाला दोन-तीन टक्केच उतरतात आणि सात महिने कुलपात राहूनही पहिल्या मिनिटाला उजेड देतात. हे दुसरं काहीच देत नाही.

ठेवताना सेल वस्तूच्या बाहेर, मूळ पाकिटातच. पाकीट फोडून स्टीलच्या डब्यात सुटे टाकले तर टोकाला टोक लागून शॉर्ट होतात. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या. फ्रिजमध्ये ठेवायचा सल्ला ऐकू नका: बाहेर काढल्यावर दमट हवेत त्यावर पाणी धरतं. आणि डबा माळ्यावर नको. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखाली किंवा कौलाखाली चाळिशी सहज पार होते. माजघरातलं फडताळ ही जुन्या घरातली सगळ्यात थंड जागा, तिथे ठेवा.

जुना सेल आणि नवा सेल एकत्र घालू नका, अल्कलाइन आणि कार्बन तर मुळीच नाही. ओळीत लावलेल्यांपैकी अशक्त सेल आधी संपतो आणि बाकीचे त्याच्यातून उलटा प्रवाह ढकलतात. फुटतो तो तोच.

मीटर असेल तर: ताजा अल्कलाइन १.५८ ते १.६ व्होल्ट. १.३ म्हणजे अर्ध्याच्या खाली चाललाय, रेडिओला चालेल, टॉर्चला नको.

दाराजवळ कायम टांगायच्या एकाच टॉर्चसाठी लिथियमचे १.५ व्होल्टचे एए घ्या, रिचार्ज न होणारे. अल्कलाइनच्या कितीतरी पट महाग आहेत, पण फुटत नाहीत आणि पडून राहिले तरी वीस वर्षं टिकतात असं कंपन्या सांगतात. वजनाला हलके, १५ ग्रॅमच्या आसपास, अल्कलाइन २३.

त्या प्लगात खुपसायच्या टॉर्च टाकून द्या. आत ४ व्होल्टची चिमुकली लेड-ॲसिड बॅटरी असते. चार-पाच महिने चार्ज न करता ठेवली की ती मेलीच, तिच्यात दोष शोधू नका.

निवृत्त वायरमन

दुकानदाराचं ऐकायच्या आधी बॅटरी तपासून घ्या. ९ व्होल्ट म्हणजे मेलीच असं नाही. आजचे इन्व्हर्टर ठरावीक व्होल्टच्या खाली बॅटरी ओळखतच नाहीत, म्हणून चार्ज सुरू होत नाही.

झालंय काय तर सल्फेशन. बॅटरी अर्धी उतरून पडून राहिली की प्लेटवर लेड सल्फेटचे खडे घट्ट होतात. ताजे असतात तोवर चार्जिंगने विरघळतात, महिने गेले की नाही. पडून राहिलेली बॅटरी आपसूक उतरतेच. दमट हवेत झाकणावर आम्लाचा ओलसर थर साचतो, त्यातूनही थोडी वीज वाहते. आणि वायरी लागलेल्या असतील तर इन्व्हर्टरचं सर्किट पीत असतं ते वेगळं. मेन बंद करून गेलात म्हणजे भरणारं कोणी नाही, पिणारे तीन.

तपासणी अशी:

१. झाकणं उघडून पाणी बघा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतपतच डिस्टिल्ड वॉटर. पूर्ण पातळी चार्ज झाल्यावर करायची, आधी केली तर चार्ज होताना उतू जातं. आरओचं पाणी नाही, पागोळ्यांचं नाही. आणि आम्ल तर कधीच नाही. आम्ल घातलं की हायड्रोमीटर (आम्लाचा दाटपणा मोजणारी नळी) खोटं बोलायला लागतो.

२. गॅरेजमधला वेगळा चार्जर लावा, ५ ते ७ अँपिअरवर २४ ते ३० तास. खोलीची खिडकी उघडी, जवळ विडी-काडी नको, हायड्रोजन निघतो. हात लावून बघत राहा: एकच कप्पा तापत असेल तर तिथेच थांबा.

३. चार्जर काढून रात्रभर तशीच ठेवा. सकाळी १२.५ च्या आसपास किंवा वर असेल तर जीव आहे.

४. सहाही कप्प्यांत हायड्रोमीटर. ट्यूब्युलरमध्ये पूर्ण चार्जला १.२४० च्या आसपास यायला हवं. सगळे सारखे थोडे कमी असतील तर अजून चार्ज करा. एक कप्पा बाकीच्यांपेक्षा ३० पॉइंटांनी (म्हणजे ०.०३० ने) खाली असेल तर तो दुबळा.

५. १०० वॉटचा लोड एक तास. व्होल्टेज ११.५ च्या खाली घसरलं तर कागदावर १५० असली तरी तिच्यात तीस-चाळीससुद्धा उरलेली नाही.

एवढं चार्ज करूनही १०.५ च्या आसपासच अडकली असेल तर एक कप्पा शॉर्ट आहे. सहापैकी पाच कप्पे, प्रत्येकी २.१. तिला सोडून द्या.

आता कुलूप लावताना काय करायचं. पूर्ण चार्ज, पाणी बरोबर, वरचा भाग सोड्याच्या पाण्याने पुसून कोरडा, दोन्ही वायरी काढायच्या (आधी निगेटिव्ह), टर्मिनलला व्हॅसलिन. एवढ्यावर दोन महिने जातील, सात नाही. शेजारी कोणी दर दोन महिन्यांनी दहा-बारा तास चार्ज करणार असेल तर उत्तम. नसेल तर २० वॉटचं सोलर पॅनल आणि १२ व्होल्टचा साधा पीडब्ल्यूएम चार्ज कंट्रोलर (पॅनल आणि बॅटरीच्या मधला, बॅटरी जास्त चार्ज होऊ न देणारा डबा). १५० अँपिअर-तासांची बॅटरी महिन्याला ५ टक्के उतरते म्हटलं तरी दिवसाला पाव अँपिअर-तास लागतो. २० वॉटचं पॅनल ऑक्टोबर ते एप्रिल त्याच्या वीसपट देतं, कंट्रोलर १३.६ च्या आसपास धरून ठेवतो, पाणीही आटत नाही. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना उलट.

वॉटतास यांचा लिथियमचा मुद्दा कळतो, पण पंखा हवा असेल तर १५० ची ट्यूब्युलर अजूनही स्वस्त पडते, आणि गावात तिला बघणारा माणूस मिळतो. लिथियमचा बीएमएस (बॅटरीच्या आतलं राखणीचं सर्किट) बिघडला तर दापोलीत तरी कोण उघडणार?

वॉटतास

@निवृत्त वायरमन, दुरुस्तीचं मान्य. पण २० वॉटचं पॅनल कौलावर सात महिने राखणदाराशिवाय राहील, त्यावर माकडं बसणार नाहीत, हे धरून चाललात!

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. लिथियम घेतली तर जुन्या इन्व्हर्टरला तशीच जोडू नका. ट्यूब्युलरच्या सेटिंगवर तो १४.८ किंवा त्याहून वर चढवतो, लिथियम फॉस्फेटला १४.६ ही कमाल, बीएमएस मध्येच तोडतो आणि इन्व्हर्टर शिट्ट्या मारायला लागतो. लिथियमचं सेटिंग असलेलाच इन्व्हर्टर हवा. दुसरं, पूर्ण उतरून बीएमएसने तोडली की टर्मिनलवर शून्य व्होल्ट दिसतात, इन्व्हर्टरला वाटतं बॅटरीच नाही, चार्ज सुरू होत नाही. लिथियमचा वेगळा चार्जर लावून जागी करावी लागते. म्हणून तळापर्यंत जाऊच देऊ नका. व्होल्ट बघून लिथियम फॉस्फेटचा अंदाज येत नाही, बराच काळ तेरालाच रेंगाळते आणि मग एकदम कोसळते. अँपिअर-तास मोजणारा शंट मीटर बसवा.

पडवीकर

सगळ्यांचे आभार. वेगळा चार्जर मिळवतो आणि बॅटरीचे आकडे टाकतो.

मधल्या काळात तीन शंका. (१) लाइट गेल्यावर आपोआप लागणारे इन्व्हर्टर बल्ब कसे? मे महिन्यात दोन आणले, वादळात मेन स्विच बंद केल्यावर लागलेच नाहीत. (२) पाठीवर सोलर असलेली पॉवर बँक घ्यावी का? (३) वायफायसाठीचा छोटा यूपीएस उपयोगी आहे का?

ठिपकेदार

बल्ब बिघडलेले नाहीत. हा बल्ब बाहेरची लाइन गेली की होल्डरमधून घरातल्या वायरिंगचा रस्ता चाचपतो. कुठेतरी टीव्ही, फ्रिज, दुसरा बल्ब जोडलेला असेल तर फेज आणि न्यूट्रलमध्ये वाट सापडते, त्यावरून त्याला कळतं की बटण चालू आहे पण वीज नाही. वादळात तुम्ही मेन पाडलात, शहाण्यासारखे सगळे प्लगही काढलेत, मग वाटच उरली नाही, बल्बला वाटलं बटण बंद आहे. बल्ब ओल्या हाताने धरला तरी पेटतो तो याच कारणाने. उपाय: बल्ब होल्डरमधून काढून सोबत मिळणाऱ्या हुकच्या टोपीत बसवा. ती दोन टोकं जोडते. टोपी नसेल तर बाजारात वेगळी मिळते. होल्डरमध्ये असताना काहीही जोडायला जाऊ नका.

पाकिटावर ९ वॉट असलं तरी बॅटरीवर तो दोन-तीन वॉटनेच जळतो. आत २,२०० एमएएचचा एक लिथियम सेल, ८ वॉट-तास, म्हणून तीन-चार तास. रोज लागणाऱ्या होल्डरमध्ये ठेवला तर तो सेल कायम फुल्ल आणि गरम राहतो, वर्ष-दीड वर्षात निम्मा होतो. आणीबाणीचे दोन बल्ब वेगळे ठेवा.

सोलर पॉवर बँक नको. पाठीवरची पट्टी कडक उन्हातही एक-दीड वॉट देते. १०,००० एमएएच म्हणजे ३७ वॉट-तास. भरायला कडक उन्हाचे तीसएक तास, आणि तेवढा वेळ लिथियम सेल उन्हात भाजणार. जूनमध्ये तर ऊनच नाही.

तुमच्या जुन्या २०,००० वालीबद्दल: सेल अगदी तळापर्यंत उतरून बराच काळ राहिला की आतलं तांबं विरघळतं, आणि चार्ज करताना ते नको तिथे जमून आत शॉर्ट होऊ शकतो. फुगलेली असेल, चार्जिंगला लावल्यावर गरम होत असेल, तर ई-कचऱ्यात द्या. भोक पाडू नका, कचराकुंडीत नको.

नवी घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. मोठ्या अक्षरातले १०,००० हे आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे. ५ व्होल्टवर बाहेर येणारे वेगळे छापलेले असतात, ६,००० ते ६,५०० असतील तर कंपनी खरं बोलते आहे. वॉट-तास छापलेले हवेत. बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, त्यासोबत आयएस मानकाचा क्रमांक आणि आर- नंतर आठ आकडी नंबर हवा. तो आर- नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. नाव भलतंच निघालं तर परत करा. सुटा १८६५० (बोटाएवढा गोल लिथियम) सेल घेत असाल तर ९,९०० एमएएच वगैरे छापलेले सगळे खोटे: चांगल्या कंपनीचा साडेतीन हजारांच्या आसपास असतो आणि वजन ४५ ग्रॅमच्या पुढे भरतं. तिशीत भरला तर आत हवा विकत घेतलीत.

ठेवताना अर्धी भरलेली, चारपैकी दोन ठिपके. फुल्ल भरून उकाड्यात ठेवली तर अर्धी ठेवल्यापेक्षा कितीतरी लवकर म्हातारी होते. दर तीन-चार महिन्यांनी बघावी लागते, म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: लिथियमचं जे हातात मावतं ते कुलूप लावताना आई-वडिलांबरोबर मुंबईला जाऊ दे. घरात फक्त अल्कलाइन राहू दे. रिचार्जेबल एए घेतलेत तर तेही मुंबईला. घेताना २,००० एमएएचच्या आसपासचे, आधीच चार्ज करून विकतात ते घ्या. २,८०० वाले आकड्याने मोठे, पण पडून पडून लवकर रिकामे होतात.

अजून एक गंमत. पॉवर बँकेवर छोटा यूएसबी दिवा किंवा रेडिओ लावला की अर्ध्या मिनिटात बंद पडतो. लोड फार कमी असला की तिला वाटतं फोन भरला. दिवा थोडा मोठा घ्या किंवा कमी करंटचं सेटिंग असलेली पॉवर बँक घ्या.

वायफायचा यूपीएस मुंबईत उपयोगी. आत ३० वॉट-तासांच्या आसपास असतात, ८ वॉटचा राउटर तीन-साडेतीन तास चालतो. गावात वादळात फायबर खांबावरूनच तुटते, राउटर चालू ठेवून दिवा बघत बसाल.

निवृत्त वायरमन

चार दिवसांचा हिशेब नेहमीच्या पावसाचा आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं, त्यानंतर रायगड आणि दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. खांबच आडवे झाले होते. अशा वेळी साठा कितीही मोठा असला तरी संपतो, भरायची सोय लागते.

पावसाळ्यात पॅनल रेटिंगच्या दहा-वीस टक्केच देतं. ५० वॉटचं पॅनल काळोख्या दिवशी ४०-५० वॉट-तास, उघडीप मिळाली तर शंभराच्या पुढे. म्हणजे फोन आणि दिवे भागतात, पंखा नाही. राखणीला ठेवायचं पॅनल २० ऐवजी ५० चंच घ्या, दोन्ही कामं होतील. वादळाचा इशारा आला की पॅनल खाली उतरवून आत आणा, वायर सुद्धा. वीज कडाडत असेल तर कंट्रोलरपासून सोडवलेलं बरं.

गाडी असेल तर तीही चार्जर आहे. इंजिन चालू ठेवून, आणि गाडी उघड्यावर, बंद पडवीत नाही. इंजिन बंद ठेवून फोन लावत राहिलात तर सकाळी गाडीही ढकलावी लागेल. ती बॅटरी स्टार्टरसाठी असते, खोल उतरवायला नाही. पेट्रोलचा जनरेटर घेतलात तर तो घरापासून लांब, खिडकीच्या समोर नको. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि त्याची वायर प्लगात उलटी खुपसून घराला वीज देऊ नका. ती बाहेर लाइनवर जाते आणि खांबावर चढलेला वायरमन मरतो.

इन्व्हर्टर आणि बॅटरी जमिनीवर असेल तर दोन फुटांच्या लोखंडी घोडीवर चढवा. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात दोन फूट काहीच नव्हते, पण घराभोवती नुसतं पाणी साचण्याइतपत पावसाला पुरतात.

वॉटतास

बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट घ्या असं मी लिहिलं, त्यात फ्यूज लिहायचा राहिला, ती चूक गंभीर आहे. १५० अँपिअर-तासांची बॅटरी शॉर्ट झाली तर हजार अँपिअरच्या वर प्रवाह देते, दीड एमएमची वायर क्षणात लाल होते. पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरात गाडीतला १० अँपिअरचा पाती फ्यूज, त्याच्या पुढे बाकी सगळं. घरातला एसीचा एमसीबी इथे चालणार नाही, डीसीची ठिणगी तो नीट तोडत नाही. दिवे १० ते ३० व्होल्ट लिहिलेले घ्या. नुसती १२ व्होल्टची एलईडी पट्टी चार्जिंगच्या वेळच्या १४.४ वर तापून लवकर जाते. आणि इन्व्हर्टर वगळल्यामुळे १०.५ ला तोडणारं आता कोणी नाही. चिकटवायचा छोटा व्होल्टमीटर लावा, १२ च्या खाली दिसलं की फक्त फोन.

फोनचाही हिशेब बदलतो. रेंज कमी असली की फोन टॉवर गाठायला जास्त ताकद लावतो आणि दुपारीच संपतो. विमान मोडवर ठेवून दिवसातून तीनदा ठरलेल्या वेळी उघडा. बटणांचा एक फोन असू द्या, काढता येणाऱ्या बॅटरीचा. सिम जिओचं असेल तर ४जी असलेलाच लागेल, जिओला २जी नाही.

नेब्युलायझरबद्दल: यूएसबीवर किंवा दोन एएवर चालणारे जाळीचे नेब्युलायझर दोन-तीन वॉटच घेतात, इन्व्हर्टरची गरजच संपते. पण प्रत्येक औषध त्यातून नीट जात नाही, आधी डॉक्टरांना विचारा. सध्याचा ठेवणार असाल तर इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्ह आहे ना बघा, चौकोनी वेव्हवर त्याची मोटर गुरगुरते आणि तापते.

पडवीकर

आकडे. ६ अँपिअरवर ३० तास चार्ज केली, रात्रभर ठेवली, सकाळी १०.४ व्होल्ट. हायड्रोमीटर: पाच कप्पे १.२२० ते १.२३०, पॉझिटिव्हकडून तिसरा १.१०० च्याही खाली. तोच कप्पा चार्ज होताना गरम लागत होता. इन्व्हर्टर बिनलोडचा १.३ अँपिअर घेतो.

निवृत्त वायरमन

तिसरा कप्पा शॉर्ट आहे, बाकी पाच चांगले असून उपयोग नाही. दुकानदार यावेळी खरं बोलला.

जुनी फुकट देऊ नका, आत शिसं आहे, बदल्यात वजनावर सूट मिळते. आम्ल गटारात ओतून वजन कमी करू देऊ नका. नवी घेताना तयार झाल्याचा महिना वाचा. तीन-चार महिने दुकानात चार्ज न करता पडलेली असेल तर तुमच्या माजघरात जे झालं तेच तिथे झालेलं असतं. पैसे द्यायच्या आधी काउंटरवरच मीटर लावा, १२.५ च्या खाली असेल तर दुसरी मागा. वॉरंटी कार्डावर नंबर आणि तारीख तिथेच भरून घ्या.

पडवीकर

नवी घेताना १५० चीच घेऊ की १०० पुरेल?

निवृत्त वायरमन

पंखा नसेल तर १००, बीएलडीसी पंखा एकच आणि रात्री आठ तास असेल तर १५०. इन्व्हर्टर बटणाने बंद ठेवायची सवय लागणार नसेल तर १५० सुद्धा चार दिवस पुरणार नाही.